पिवळी टोपी

उद्यमबागेतल्या फौंड्रीत एकतीस वर्षं साचे भरले.
काळी वाळू, लाल लोखंड.
पाण्याशी संबंध एवढाच :
सकाळी दोन घागरी,
आणि पाळी संपवून आलो की डोक्यावरनं तांब्या.

त्रेसष्टाव्या वर्षी डॉक्टर म्हणाला, गुडघा गेलाय,
पोहायला जावा.
घरी येऊन मी हसलो.
हसायला घरात दुसरं कुणी नव्हतं,
म्हणून ते हसू जरा वेळ
भिंतीला टेकून तसंच उभं राहिलं.

पालिकेच्या तलावावर साडेपाचची बॅच.
जानेवारीचा गारठा, पाण्यावर वाफ,
आणि कठडा धरून आम्ही सात नवशिके,
सोललेल्या रताळ्यांसारखे.
टोपी सक्तीची. दुकानात पिवळीच उरली होती.

शिकवणारा बसय्या, बावीस वर्षांचं पोर.
पाठीखाली तळवा धरून म्हणायचा,
"हेदरबेड्री काका, मै सडिल बिड्री."
भिऊ नका, अंग सैल सोडा.
एवढं कन्नड मला कळतंय.
सोडणं तेवढं जमत नव्हतं.

अकरा दिवस बुडलो.
बाराव्या दिवशी मान मागं टाकली,
कान पाण्यात गेले, जगाचा आवाज बंद.
पाठीखाली तळवा होता.
बऱ्याच वेळानं दिसलं,
बसय्या पलीकडच्या काठावर उभा,
दोन्ही हात कमरेवर.

मग हा हात कुणाचा?
दचकलो, नाकात पाणी गेलं.
पंक्चरवाला दस्तगीर होता.
"सरनी धरायला सांगितलं," म्हणाला,
जसं काही चाकच धरलं होतं.

त्यानंतर मीही धरल्या पाठी.
एकीवर शिवदार, एकीवर ऑपरेशनची शिवण,
एकीवर गोंदलेलं नाव,
ज्याबद्दल आम्ही कुणी विचारलं नाही.
माझा हात ओतकामानं भाजलेला, चट्ट्याचट्ट्यांचा.
लग्नात हळद लावतानासुद्धा मी तो मागं घ्यायचो.
पाण्याखाली त्याला कुणी बघत नाही,
फक्त टेकतात.

नंतर गाड्यावर अवलक्की आणि तळलेली मिरची.
पैसे कुणी द्यायचे, यावर रोज दोन भाषांत भांडण.
जिंकलेला माणूस खिसा रिकामा करून
ऐटीत घरी जायचा.

मग मला ताप आला.
एक दिवस, दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी मोबाइलवर बँकेचा मेसेज आला, तेवढाच.
चौथ्या सकाळी गल्लीत ओल्या केसांची चार माणसं
दारोदार विचारत फिरत होती,
"पिवळी टोपी कुठं राहतेय?"
माझं नाव त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

दार दाखवलं समोरच्या गुरुशांतप्पानं,
दूधवाल्यानं.
त्याच्या दुकानाच्या पाटीवर
कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली,
यावरनं नऊ वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
पिवळी टोपी माझीच, हे त्याला कसं ठाऊक?
म्हणजे पहाटे साडेपाचला
दोरीवरनं ती काढताना
तो मला रोज बघत होता.

ते आत आले. तो उंबऱ्यापाशीच थांबला.
दस्तगीरनं कपाळाला हात लावला.
बसय्यानं आंबिलीचा डबा उघडला,
वर लसणाचा घमघमाट.
चौघांच्या डोक्यांतून फरशीवर थेंब पडत होते,
आणि मी अंथरुणात पडून मोजत होतो,
किती वर्षांनी ह्या घरात फरशी पुसावी लागणार.

सोमवारी परत निघालो.
बगलेत टॉवेल, खिशात टोपी.
गुरुशांतप्पा शटर वर करत होता, अर्ध्यावर थांबला.
माझ्याकडं न बघता,
शटरलाच विचारल्यागत म्हणाला,
"फी एष्ट री?"

"सहाशे," म्हणालो, आणि चालू लागलो.
पाचसहा पावलांवर काय वाटलं कोण जाणे,
वळलो.
"आरनूर."