तीस किलोमीटर

चिठ्ठी खरी होती. सही खरी, शिक्का खरा.
गोळी माझ्याच पाठीमागच्या खणात,
खोकल्याच्या औषधाशेजारी.
मी म्हटलं, नाही.

आवाज मी चढवला नाही. तिनंही नाही.
कालिना. आडनाव ओळखीचं निघालं:
हिच्याच आजीला दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या देते मी,
दोन-चार झ्लॉटी राहिले तर लिहूनही ठेवत नाही.

"सुवाल्कीत मिळेल."
"शेवटची बस गेली," ती म्हणाली
आणि मफलर पुन्हा गुंडाळू लागली.
गाठ दोनदा चुकली.

सहाला शटर ओढलं.
थांब्यावर ती उभीच. कुठली बस येणार होती कुणास ठाऊक.
बर्फ भुरभुरत होता,
बाकावर तिच्या पिशवीएवढीच जागा कोरडी.

मी गाडी थांबवली. का, ते देवाला विचारा;
त्याच्याच नावानं तासाभरापूर्वी नाही म्हटलं होतं.

तीस किलोमीटर. वायपर बोलत होते तेवढंच.
एकदा तिनं विचारलं, "काच थोडी खाली करू?"
एकदा मी म्हटलं, "पट्टा लाव."

औषधांच्या दुकानाचा हिरवा क्रूस
दोन चौक आधीच दिसायला लागला,
तशी मी गाडी कडेला घेतली.
"इथून चालत जा."

तिनं माझ्याकडे पाहिलं.
रागानं नाही,
हिशेब न लागलेल्या माणसासारखं.
दार मात्र हळूच लावलं.

मी इंजिन चालूच ठेवलं.
परतीलाही बस नव्हती.