शिक्का

थिएर गावात, द्युरोल नदीच्या काठी
लेओन्स सुरी उजेडात तिरकी धरतो.
शिक्का निम्मा झिजलाय:
चार पाय, पोटाची रेघ, वर काहीच नाही.
घोडा म्हणा, बैल म्हणा.

ओदिलला घाई आहे. "कुणाची? किती जुनी?"

मूठ आबनुसाची. पितळेचे रिव्हेट,
मधला तेवढा तांब्याचा, मागाहून बसवलेला.
गळ्याशी घणाचे घाव, साच्याची शिवण नाही.
"पहिल्या महायुद्धाआधीची.
नाव मात्र विचारू नका.
तेव्हा इथे धार लावणारे
फळीवर पालथे पडून राबायचे,
पायांवर कुत्रं बसवून, उबेसाठी.
कुत्र्यांचीही नावं असतील की."

मग तो पातं उलटं करतो. अंगठा थबकतो.
झीज सगळी भलत्याच अंगाला.
"घरात डावखुरं कोण होतं?"

"कुणीच नाही," ओदिल म्हणते.
आईचा डावा हात
शाळेत बाकाला बांधायचे म्हणे,
म्हणून क्रूस उजव्यानं, सही उजव्यानं,
आम्हाला थापटणंही उजव्यानं.

फक्त चिरायला बसली
की स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.
आम्हाला वाटायचं,
कांद्याचा वास घरभर नको म्हणून.