आसंय

पडेल कॅन्टीनला एप्रिलच्या संध्याकाळी
एकेचाळीस ट्रक उभे, पोटात हापूस, तेरा अंशांवर.
प्रत्येकाच्या अंगात चाळीसेक जिभा.
टायरला, दाराला, ब्रेकला, डिझेलला,
थंड पेटीला तर तीन.
सगळ्या दर सेकंदाला बोलतात.
बोलायचं काय, तर
तेरा. तेरा. दार बंद. तेरा. दार बंद. तेरा.

सड्यावर टॉवर एकच.
त्याच टॉवरवर गिर्येतली पोरगी गणिताचा व्हिडिओ उघडते
आणि गोल फिरत राहतं.
त्याच टॉवरवर तांडेल बर्फाचा भाव विचारतो.
परवा त्याच टॉवरवर आरोग्यसेविका मिताली बांदिवडेकर
रुग्णवाहिकेला फोन लावत होती. अकरा वेळा.
बारावा लागला. बाई वाचली, मूलही.
ते अकरा माझ्या तक्त्यात एका रकान्यात आहेत,
शेजारच्या रकान्यात ट्रक, नव्व्याण्णव टक्के यशस्वी.

कंपनी म्हणाली, दुसरा टॉवर देऊ.
दोन वर्षं लागतील, हेही तिनंच सांगितलं.

मग मी नियम लिहायला बसलो
आणि आठवला बुधाजी कुबल,
पूल व्हायच्या आधी खाडीवर तरीची होडी चालवणारा.
होडीत माणसं अठरा, धक्क्यावर पन्नास.
रांग नाही, आरडाओरडा नाही, नुसता बघायचा.
आजारी आधी. मग शाळा. मग मासळीवाल्या,
मासळी कुणासाठी थांबत नाही.
नारळाची पोती?
"तेंका खंय घाई हा. रातीक व्हरतंय."

तसंच लिहिलं.
ब्रेक आणि आग, लगेच.
तेराचे चौदा झाले तर बोल.
तेराचे तेरा असतील तर तोंड मीट.
टायरची झीज, डिझेल, हॉर्न किती वेळा वाजला,
ह्याचं गाठोडं बांध आणि दोननंतर दे,
गाव झोपलं की.

टॉवर हलका झाला. पोरीचं गणित सुटलं की नाही माहीत नाही,
व्हिडिओ मात्र धावला.
मला वरून अभिनंदनाची मेल आली.

चौथ्या रात्री नझीर सोलकरचा ट्रक
तळेऱ्याच्या अलीकडे गप्प झाला.
नियमाप्रमाणे गप्प म्हणजे बरं.
मी चहा प्यालो.
पहाटे त्याचाच फोन. पेटी बंद, सेन्सर मेलेला,
साडेतीनशे पेट्या आंबा आतल्या आत उकडला.
"साहेब, तुमच्या पडद्यावर काय दिसत होतं?"
काही नव्हतं.
ते काही नसणं हिरव्या रंगात दिसत होतं.

बुधाजीचं मी अर्धंच घेतलं होतं.
काळोखात, होडी खाडीच्या मधोमध असताना
त्याची बायको धक्क्यावरून हाक घालायची,
मध्येच, भाकरी थापता थापता उठून,
"आसास मां?"
आणि पाण्यावरून एकच शब्द,
ना कुठवर आलो, ना किती माणसं, ना कधी पोचतो,
"आसंय."

आता दर पाच मिनिटांनी
घाटात, हायवेला, पेट्रोलपंपामागे झोपलेले ट्रक
तेवढंच पाठवतात. चारच बाइट.
कंपनीच्या कागदावर त्याचं नाव वेगळं आहे.
टॉवरला त्याचं ओझं होत नाही.
नझीरची भरपाई अजून कुणाच्या तरी सहीवाचून अडली आहे.

रात्री दोनला गाठोडी सुटायच्या आधी
मी पडदा उघडून बसतो.
अडतीस. एकोणचाळीस.
चाळीस.
तळेऱ्याच्या वळणाला रेंज नसते, मला ठाऊक आहे.
तरी.