सत्तावीस अंशांवर

एतेल्का नेनी डबा उघडते तेव्हा
आधी चरबीचा वास येतो, मग कांद्याचा.
पावावर जाड थापलेली डुकराची पांढरी चरबी,
वर लाल कांद्याच्या चकत्या, चिमूटभर मीठ.
"खा रे झोंबोर, रात्र मोठी आहे."
सेगेदच्या या तळघरात
दोन कपाटं रात्रंदिवस घुमतात:
एक सदतीसवर, हॅम्स्टरच्या पेशींसाठी,
दुसरं सत्तावीसवर.

सत्तावीसमध्ये लष्करी अळी राहते.
म्हणजे अळी नाही.
माझ्या जन्माआधी कधीतरी
कुणीतरी तिचा कोष फोडून अंडाशय काढलं
आणि ते अजून मरायचं विसरलंय.
या पेशींनी मक्याचं पान पाहिलेलं नाही.
पंख तर लांबच.

मंगळवारी आम्ही त्यांना मारतो.
क्लोरोफॉर्म, मिथेनॉल, जोरात हलवायचं,
मग शांत उभं ठेवायचं.
प्रथिनं मध्ये चिकटून बसतात,
खाली उतरतो तेवढा स्नेह.
त्या दिवशी बाकी काही आम्ही विचारत नाही.

सिलिकाच्या काचेवर थेंब ठेवताना
बासष्ट वर्षांचा तिचा हात हलत नाही.
श्वास मीच रोखतो.
मग आयोडीनची बरणी,
आणि कोऱ्या काचेवर तपकिरी डाग उगवतात,
रविवारच्या जेवणानंतर
टेबलावरच्या कापडाला दिसतात तसे.
हॅम्स्टरच्या ओळीत कोलेस्टेरॉल
ठसठशीत, खात्यापित्या घरचं.
अळीच्या ओळीत त्याच उंचीवर
एक पुसट, ओशाळलेला ठिपका.
"हिला ते बनवताच येत नाही.
अळी घे, माशी घे, झुरळ घे,
सगळ्यांना आयतं लागतं."
जुन्या वह्यांत वासराच्या रक्तजलाचे दिवस आहेत:
वासराची चरबी, पतंगाची साय.

डाग हवेत विरतात.
म्हणून आधी ती पेन्सिलीनं
प्रत्येकाभोवती रेघ मारते.
त्याच पेन्सिलीनं वहीच्या शेवटच्या पानावर
लोरिंट्सचे आकडे. लोरिंट्स तिचा नवरा.
सहा पूर्णांक नऊ.
सात पूर्णांक चार.
घरी लोणी लपवायचं,
इथे काटा लावून अळीला भरवायचं.
"माझी अख्खी नोकरी," ती म्हणते,
"दोन ताटांमधली."

फेब्रुवारीत कोलेस्टेरॉलचं पार्सल सीमेवर अडकलं.
त्याच्याशिवायच माध्यम बनवलं,
तरी पेशी वाढत राहिल्या. आम्ही हसलो.
दोनाच्या चार, चाराच्या आठ,
प्रत्येक वाटणीत आईचा वाटा अर्धा.
कितव्या वाटणीनंतर कोण जाणे,
बाटली ढवळली की फुटायला लागल्या.
सूक्ष्मदर्शकाखाली नुसती फाटकी साय.
त्याच आठवड्यात लोरिंट्स
दवाखान्याच्या जिन्यात बसला, तिसऱ्या पायरीवर,
आणि उठला नाही.

चौथ्या दिवशी ती कामावर आली.
हातमोजे चढवता चढवता म्हणाली,
"शेवटचे दोन महिने कोरडा पाव खायला घातला मी त्याला."
मला उत्तर सुचलं नाही.
वहीत तर नव्हतंच.

जूनमध्ये तिसा नदी फुलते.
तीन वर्षं काठच्या चिकणमातीत
खात बसलेले किडे
एका संध्याकाळी पाण्यावर येतात, पंख घेऊन.
आता खाणं नाही, तोंड कामाचं नाही.
साठवलेला मेद जाळत उडायचं,
जुळायचं, अंधाराआधी संपायचं.
पुलावर माणसं मुलांना खांद्यावर घेऊन उभी होती.
आम्हीही गेलो, डबा घेऊन.

एक किडा डब्याच्या कागदावर उतरला,
लांब शेपट्या थरथरत.
तिनं केसांत खोचलेली पेन्सिल काढली
आणि तो विरायच्या आधी
त्याच्याभोवती हलकेच रेघ मारली.
"सत्तावीस असेल आज," नदीकडे बघत म्हणाली.
मग पाव मोडला.
सारखा नाही मोडला, मोठा तुकडा माझा.
चरबी उन्हानं सैल झाली होती,
मनगटापर्यंत ओघळली.
दोघांनीही पुसली नाही.