बारदान

घरचा काटा एकशे तीसला थांबायचा.
पुढचं मार्केटातच कळलं,
लिलाव आटोपल्यावर हणमंत शेलारनं
कांद्याच्या काट्यावर उभं केलं तेव्हा:
एकशे बासष्ट, चारशे.
"तीन गोण्या आणि वर बारा," तो म्हणाला
आणि सवयीनं पट्टीवर लिहायला गेला.

एकवीस वर्षं मापाडी आहे मी, तुर्भ्यात.
गोणी नुसती बघून वजन सांगतो,
पाव किलो इकडंतिकडं.
स्वतःचं कधी सांगता आलं नाही.

मग पोट कापून लहान केलं.
वाटीभर वरण पाऊण तास पुरायला लागलं.
दोन घास जास्त झाले की घाम, धडधड, मोरी.
दोन वर्षांत अर्धा माणूस निघून गेला
आणि त्याचा सदरा माझ्या अंगावर राहिला.

कातडीचा सदरा.
पट्ट्याखाली दुमडून पँटीत खोचायचो,
रिकाम्या गोणीचं तोंड आत घालतात तसा.
मे महिन्यात घडीखाली चिघळायचं.
घणसोलीच्या खोलीत, पोरगी झोपल्यावर
लतिका एका हातानं घडी वर धरायची,
दुसऱ्यानं पावडर टाकायची
आणि बघायची भिंतीकडं.
किळस म्हणून नाही,
मला लाज वाटू नये म्हणून.
ते जास्त लागायचं.

गावी चुलती गळ्यात पडून रडली,
"पार वाळलास रे, कुणी काय घातलं?"
गाळ्यावरचे विचारायचे, शुगर का?
काही जण विचारायचेच नाहीत.

विम्याची बाई फोनवर म्हणाली,
"सर, हे सौंदर्यासाठी आहे."
मी शर्ट वर करून आरशात बघितलं.
कुठल्या बाजूला ठेवलंय, सापडेना.

पतपेढीचं कर्ज झालं.
नेरूळला डॉक्टर नाखवाबाईंनी उभं करून
जांभळ्या पेनानं अंगावर रेघा ओढल्या.
"एवढं जाईल. दंड, मांड्या नंतर बघू."
नंतर म्हणजे पैसे आल्यावर,
दोघांनाही माहीत.
मी विचारलं, किती भरेल?
"चार किलो, थोडं कमीजास्त."
मी दोन्ही हातांनी उचलून बघितलं.
"तीन आठशे."

निघालं तीन आठशे पन्नास.
भूल उतरताना त्यांनीच येऊन सांगितलं
आणि मला रडू आलं. कशाचं, ते कळलं नाही.

मार्केटात बारदान वजा करतात.
पैसे मालाचे, तागाचे नाहीत.
पण माल इथवर येतो तो तागातनंच.
पिवळ्या पिशवीत टाकली असेल ती कातडी.
तनिष्का तान्ही असताना
दुपारची तिच्यावरच झोपायची, पालथी,
तोंडातली लाळ गळत.

दोन नळ्या, टोकाला रबरी फुगे.
गुडघे दुमडून झोपायचं, वाकून चालायचं,
फुग्यात साचलेलं रोज मोजायचं:
ऐंशी. पासष्ट. चाळीस.
जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर मांडत गेलो.
लतिका म्हणाली, "हेबी तुम्हीच मोजणार?"
आणि पहिल्यांदा हसली. मला हसता येईना,
टाके ओढायचे.

बेंबी जुनीच आहे,
पण नवं भोक पाडून बाहेर काढलीय,
जरा डावीकडं.
आई असती तर ओळखली असती का, कोण जाणे.

तीन महिन्यांनी कामावर गेलो.
लिलाव आटोपला. हणमंतनं काटा शून्यावर आणला.
चप्पल काढून चढलो.
बाहीच्या आत दंडाची कातडी
हलली, थांबली.
अठ्ठ्याहत्तर, सहाशे.

"बारदान धरून?" त्यानं विचारलं.

"धरून," म्हटलं. "तसंच लिही."