चवथी बातमी

फळा तसा लहानच. वाचनालयाच्या भिंतीवर,
वर छपरीचं एक कवेलू फुटकं,
म्हणून डावा कोपरा रिकामा सोडायचा.
उरलेल्यात तीन बातम्या मावत.

मुखरू गुरनुले. ग्रंथपाल, चपराशी, झाडूवाला, सगळं तोच.
नागभीडच्या एसटीने आलेला पेपर मांडीवर पसरून
अर्धा तास नुसता बसायचा,
मग खडूचं टोक जिभेला लावायचा.

त्याची आवडनिवड गावाला पाठ होती.
कबड्डीचा निकाल असला की दिल्ली खाली.
जावयाच्या पक्षाची सभा ठळक अक्षरात, वेळेसकट.
दुसऱ्यांची सभा: 'झाली.'

एकदा त्याच्याच भाच्याला
सागाच्या ओंडक्यासकट फॉरेस्टवाल्यांनी धरलं.
पेपरात होतं, पान पाच.
फळ्यावर नव्हतं.
संध्याकाळी पार्बता मेश्राम चुलीतला कोळसा घेऊन आली.
काळ्यावर काळं उमटेना,
तर शेजारच्या चुन्याच्या भिंतीवर लिहिलं तिने,
'चवथी बातमी. मुखरूले विचारा.'

विचारलं.
तो आधी खोकला, मग म्हणाला,
'बहिणीचा पोट्टा हाय माया. हात नाही चालला.'
दुसऱ्या दिवशी लिहिलं.
अक्षर मुंगीएवढं, पण लिहिलं.

आता फळा माझ्याकडे आहे
आणि फळ्याकडे बघत कोणी नाही.
मी तरी कुठे बघते? रात्री बाजेच्या एका टोकाला मी,
दुसऱ्या टोकाला भाऊ, त्याच्याच हॉटस्पॉटवर दोघं.
माझ्या फोनात वाघाने नेलेली बाई,
तीच बाई, तेच लुगडं,
सहा वेळा, सहा गावांच्या नावाने.
त्याच्या फोनात कुठल्याशा शहरातली मिरवणूक,
दगड, पुन्हा दगड,
आणि एक माणूस ओरडतोय, हे तुम्हाला कोणी दाखवणार नाही.
दाखवतच होते. दर दोन मिनिटांनी.

त्याला वाटतं देश पेटला.
मला वाटतं सांदवाडीत वाघ बसलाय.
धानाच्या बोनसची नोंदणी, शेवटची तारीख,
दोघांच्या मधल्या सुतळीतून
दाणा पडावा तशी खाली पडली.

आई म्हणाली, 'तुमच्यातल्या एकालेही नाही दिसली?'

विचारायचं कोणाला?
कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले.
'तुम्हाला हे का दिसत आहे' असं तिथे लिहिलेलं,
तेही दाबलं.
'कारण तुमच्यासारख्या लोकांना हे आवडतं.'

माझ्यासारखे लोक!
डाव्या पायाने लंगडणारी, बारावीला इंग्रजीत दोनदा अडकलेली,
वाघाला भिणारी आणि तरी पहाटे मोहफुलं वेचायला जाणारी,
या गावात माझ्यासारखी मीच.
दुसऱ्या कोण, कुठे राहतात,
त्यांच्या ओसरीवर जाऊन बसता येईल का?

मुखरू पुसायचा तेव्हा फळ्यावर पांढुरका ढग राहायचा.
काय होतं ते वाचता यायचं नाही,
काहीतरी होतं एवढं कळायचं.
या काचेवर कसलाच ढग नाही.
बोट सरकवलं की राहतो
माझ्याच बोटाचा तेलकट डाग.

परवापासून पुन्हा लिहायला घेतलं.
तीन बातम्या, पहिली बोनसच्या मुदतवाढीच्या अर्जाची.
आणि डाव्या कोपऱ्यात, जिथे गळतं तिथे,
काय सोडलं ते:
'सरपंचबाईंची चौकशी घेतली नाही.
त्या माझ्या मावसबहीण. पेपर आत आहे, स्वतः वाचा.'

आज सकाळी ती ओळ कोणीतरी ओल्या हाताने पुसलेली.
पंजा स्पष्ट उमटला होता. अंगठा धरून चार बोटं.
करंगळीच्या जागी काहीच नाही.
मळणीयंत्रात गेलेली करंगळी
गावात एकाचीच.

खडू ठेवला, चप्पल घातली,
ऋषीच्या दारात भांडायला निघाले.
रस्ताभर, खोटं कशाला सांगू,
हलकं वाटत होतं.