किती मावतं

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
शटर अर्धं खाली, कारण बाहेर ऑगस्ट.
बाकावर दोन मॅनिफोल्ड पालथे:
एक पेट्रोलमधून आत्ताच उतरवलेलं, तेलकट, काजळी धरलेलं,
दुसरं खोक्यातून आलेलं, चकचकीत,
फोममध्ये अजून त्याच्या आकाराचा खड्डा.

हुमैद म्हणाला, नवं मोठं आहे. डोळ्यांना दिसतंय की.
गुल जनान म्हणाला, डोळ्यांना बाहेरचं दिसतं.
पैज लागली. हरेल त्याच्याकडून सगळ्यांना करक.

सहाही वाटांवर अॅक्रिलिकची पट्टी, कडेनं ग्रीस.
थ्रॉटलचं तोंड वर.
शेजारच्या पेंटवाल्याकडून मोजपात्र आणलं,
त्याच्या रेघांवर कुठल्यातरी कोरोलाचा लाल.
टाकीचं पाणी अंगठा भाजेल असं,
गरम पाणी फुगतं, गुल जनानची हरकत,
म्हणून एकाच बादलीतलं दोघांनाही.

जुनं: चार लिटर नऊशे.
नवं: चार सहाशे चाळीस.

परत मोज.
चार सहाशे वीस.
वीस मिली कोपऱ्यात अडून बसलं असेल.
परत मोज.
तोवर सांडलेलं पाणी
शटरपर्यंत पोचायच्या आत वाळून गेलं.

मी नव्याच्या तोंडात बोट घातलं.
भिंती जाड, नुसत्या जाड.
अंगानं थोराड आणि आत जागाच नाही.
मला हे कळतं.
शिरोलीच्या फाउंड्रीत अकरा वर्षं मी कोअर शॉपला होतो.
वाळूचे गाभे करायचे, भट्टीत भाजायचे, साच्यात ठेवायचे,
त्यांच्याभोवती धातू ओतला जायचा
आणि थंड झाल्यावर हाणून हाणून
आमची वाळू बाहेर.
गिऱ्हाइकाकडे जे गेलं
त्यात माझं काही नव्हतं,
फक्त रिकामं होतं ते माझं.
त्याचं माप तेव्हा कुणी विचारलं नाही.

आक्काताई कांबळे गाभ्याला ग्राफाइट लावायची,
न्हाऊ घातलेल्या लेकराला पावडर लावावी तशी.
उद्या फुटायचंच आहे, मावशी, कशाला एवढं?
म्हणायची, फुटायचंय म्हणूनच.
आतनं खरबरीत राहिलं तर वारं अडखळतं, बाबा.

मग जुन्यात बोट घातलं.
गुळगुळीत.
तिसऱ्या वाटेच्या वळणावर मात्र एक उंचवटा,
तांदळाएवढा नाही, वालाएवढा.
ओल्या गाभ्यावर कुणाचा तरी अंगठा टेकला असणार:
वाळूत खळगा, धातूत फुगीर.
कुठल्या गावचा अंगठा, कोण जाणे.
वीस वर्षं इंजिनाचा सगळा श्वास त्याला घासून गेला.

हुमैद म्हणाला, जुनंच बसव मग. पण आतून साफ कर, पॉलिश.
ग्राइंडर घेतला. काजळी काढली, कडा मारल्या.
तिसऱ्या वाटेत आलो
आणि हात उचलला.
अर्धा मिली जाईल. जाऊ दे.
हे त्याला सांगितलं नाही.

करक आला, पाच कागदी कप.
गुल जनाननं आपला मोजपात्रात ओतला,
त्या लाल रेघांशी डोळा आणला.
नव्वद, म्हणाला.
आणि शंभरचे पैसे घेतो हरामखोर.